डोक्याकडची दोरी

सुतारशाळा, आर्डलेरी
४ ऑक्टोबर १९७८

मिस्टर जाइल्स स्ट्रॉनॅक यांस,

तुमचं पत्र मिळालं. घराची किंमत ठरवायला लंडनहून दोन माणसं येतील, त्यांना सगळ्या खोल्या उघडून दाखव, असा हुकूम होता. माणसं आली. खोल्या मी दाखवल्या नाहीत. पाऊस होता म्हणून पुढच्या कमानीखाली उभं राहू दिलं. इनाने स्वयंपाकघरातून त्यांना चहा आणून दिला. चहा देणं हा इनाचा धर्म आहे, दार न उघडणं हा माझा.

कागदोपत्री मालक तुम्ही आहात, हे मला माहीत आहे. तुमच्या आजोबांनी आर्डलेरी मुलाला दिलं, म्हणजे तुमच्या वडिलांना, आणि मुलीला, म्हणजे मिस फीमींना, दिला नुसता हयातीपुरता राहण्याचा हक्क. वडील गेले, तुम्ही मालक झालात. पण मिस फीमींचा श्वास चालू आहे तोवर किल्ली त्यांची. कायदा मला शिकवू नका. तुमच्या आजोबांच्या ग्रंथालयातल्या खिडक्यांना लांबी भरता भरता मी तिथली कायद्याची सगळी पुस्तकं वाचून काढली आहेत. शाळा मी पंधराव्या वर्षी सोडली, वाचन नाही.

खरं कारण वेगळंच आहे. तुमच्या आत्याची तब्येत उतरणीला लागली आहे. जिना चढवत नाही, म्हणून मी पलंग खाली सकाळच्या दिवाणखान्यात आणला. (पलंग वरून अखंड उतरत नाही. पाय काढावे लागले. डावा मागचा पाय कोणीतरी पूर्वी उलटा बसवला होता, तो नीट केला.) डॉक्टर म्हणतात नाताळ दिसेल. इना काही म्हणत नाही, आणि इनाचं न बोलणं मी डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त मानतो.

लिही असं मला कोणी सांगितलेलं नाही. काल त्यांनी मला कागद घेऊन बसलेलं पाहिलं.

"कोणाला लिहितोयस, पेट्री?"

"कोणाला नाही, मिस फीमी."

"मग त्या कोणाला-नाहीला कळव, मी अजून घाईत नाही. आणि बीचची झाडं अजून उभी आहेत म्हणावं."

बीचच्या झाडांवरून तुमचं भांडण झालं तेव्हा मी दाराची बिजागरी बसवत होतो, त्यामुळे सगळं ऐकलं आहे. "झाडं विकायची असतील तर आधी मला तोडून वीक," असं त्या म्हणाल्या, आणि तुम्ही गाडीत बसून गेलात ते गेलातच. त्यानंतर झाडांना अकरा पानगळी झाल्या. एकही झाड पडलेलं नाही. बाईंचा मात्र भरवसा देता येत नाही. या.

ड्यूगल्ड पेट्री
सुतार, आर्डलेरी इस्टेट


२१ ऑक्टोबर

मिस्टर स्ट्रॉनॅक,

माझी तार मिळाली, तुमची उत्तराची तारही आली. मिस फीमी काल दुपारी गेल्या. इना उशाशी होती. मी शवपेटीच्या फळ्या निवडत होतो, कारण त्यांनीच सकाळी मला हाकललं होतं. "इथे टोपी चुरगाळत बसू नकोस, काम कर." लाकूड लार्चचं आहे, वरच्या रानातलं, चार वर्षं सुकवलेलं. हे लाकूड कशासाठी ठेवलंय ते त्यांना ठाऊक होतं. येता जाता त्यावर टिचकी मारायच्या आणि म्हणायच्या, "अजून ओलं आहे."

दफन शनिवारी, २८ तारखेला, मागच्या टेकडीवरच्या तुमच्या घराण्याच्या जागेत. तुम्हाला यायला वेळ मिळावा म्हणून एवढे दिवस ठेवले. थंडी चांगली आहे, काळजी नसावी.

आता दोऱ्यांचं. शहरात राहून विसरला असाल म्हणून लिहितो. पेटीला आठ दोऱ्या असतात. एक डोक्याकडे, एक पायांकडे, तीन तीन दोन्ही अंगांना. कुठली कोणी धरायची त्याचं छापील कार्ड आधी घरोघर जातं, आणि खड्ड्याशी नावं पुकारतात. शहरात या दोऱ्यांना गोंडे असतात आणि भार खालच्या पट्ट्यांवर असतो. दोरी नुसती शोभेला. आर्डलेरीत गोंडे नाहीत. इथे माणसाचा भार दोरीवरच असतो. क्रमांक एक म्हणजे डोक्याकडची. ती सगळ्यात जवळच्या माणसाची.

तुम्ही तारेने कळवलंत की क्रमांक एकवर तुमचं नाव घालावं.

ते घातलेलं नाही. घालणार नाही. ती दोरी तुमची नाही.

इना विचारते, तुम्हाला अजून कोंबडीचं सूप कांद्याच्या पातीशिवायच लागतं का.

ड्यूगल्ड पेट्री


२५ ऑक्टोबर

मिस्टर स्ट्रॉनॅक,

तुमचं पत्र आलं. इनाला मी ते वाचून दाखवलं नाही. पण टेबलावर राहिलं होतं, तिने वाचलं. वाचून म्हणाली, "अक्षर सुधारलंय त्याचं." बाकी काही नाही.

एकेक मुद्दा घेतो.

"सुताराने आपल्या रंध्यापुरतं बघावं." तेवढंच बघतो आहे. पेटी मी केली. तिला कड्या मी बसवल्या. कडीतून दोरी जाते, म्हणून दोरीही माझ्या रंध्यातच आली.

"बड्या घरची माणसं येणार आहेत, सर अमुक आणि लेडी तमुक, त्यांच्यासमोर हसं होईल." होऊ दे. आजवर त्या लोकांनी आर्डलेरीत येऊन आमची तितरं मारली आणि आमच्या गालिच्यावर चिखल आणला. थोडं हसले तर तेवढीच परतफेड.

"हे सगळं नाटक तू डोक्याकडची दोरी स्वतः धरायला मिळावी म्हणून करतो आहेस." हे वाक्य मी तीनदा वाचलं. मग बाहेर जाऊन थोडी लाकडं फोडली. आता शांतपणे लिहितो.

ती दोरी इनाची आहे. इना मॅकफेल, आर्डलेरीची स्वयंपाकीण. तीच इना, जिच्या पदार्थांची नावं तुम्हाला आठवतात आणि आडनाव आठवत नसेल. उरलेल्यांतही बायकाच आहेत. पोस्टातली डोलिना, परिचारिका, मेंढपाळाची विधवा, आणि बाकीच्या. खांदा पुरुषांनी द्यायचा, दोरी बायकांनी धरायची. असं मिस फीमींनी ठरवलं, आणि का ते मला सांगितलं.

गेल्या मार्चमध्ये मी जिन्यावरची मोठी खिडकी दुरुस्त करत होतो. वर-खाली सरकणारी, घरातली सगळ्यात उंच. चौकटीच्या पोटात लोखंडी वजनं लटकतात, ती आणि तावदान यांच्यामध्ये दोरी असते, कप्पीवरून गेलेली. मिस फीमी पायरीवर येऊन बसल्या.

"या खिडकीतून टेकडी सगळी दिसते, नाही का रे?"

"दिसते. काच पुसली तर."

"मी बाबांचं दफन इथून पाहिलं. तेव्हा आम्हा बायकांना टेकडीवर जायची रीत नव्हती. आम्ही घरात बसून हॅमचे सँडविच कापायचे. माझ्या हातात ताट होतं, पेट्री. शेवटची चार वर्षं मी बाबांना उचललं, धुतलं, भरवलं, इस्टेट चालवली. आणि डोक्याकडची दोरी धरली माझ्या धाकट्या भावाने. आदल्या संध्याकाळच्या गाडीने आला आणि दुसऱ्या सकाळच्या गाडीने गेला."

तो धाकटा भाऊ म्हणजे तुमचे वडील. मी काही वाईट बोलत नाही, त्या जे बोलल्या ते लिहितो.

मग म्हणाल्या, "माझ्या वेळी डोक्याकडची इनाला. मला उचलायची, धुवायची वेळ येईल तेव्हा तेही तीच करणार. आणि दोरी बाहेरून आणायची नाही. या खिडकीची काढायची."

दोऱ्या मी तीन वर्षांपूर्वीच नव्या घातल्या होत्या. जाड विणीच्या, मेण चोळलेल्या. मी म्हटलं, भार पेलेल. आणि मग मी विचारलं, "आणि मी कुठली धरू?" या टेकडीवर आणि खालच्या चर्चच्या आवारात मी जितक्या दोऱ्या धरल्या तितक्या इथे कोणी धरल्या नसतील. माझ्या हातून पेटी कधी तिरकी गेलेली नाही. विचारण्यात गैर काही नव्हतं.

"तुला नाही," त्या म्हणाल्या. "तुला दोरी दिली तर तू आपली सोडून सगळ्यांच्या दोरीकडे बघशील. तू नुसतं नावं पुकार आणि 'सोडा' म्हण."

मी कप्पीला तेल घातलं. कप्पीला तेलाची गरज नव्हती.

तेव्हा आता लक्षात घ्या, मिस्टर स्ट्रॉनॅक. मला दोरी नाही. जी मला मिळालेली नाही तिच्यासाठी मी भांडतो आहे, आणि भांडणार आहे.

लेखी पुरावा मागता. नाही. जिन्यावर बसलेली बाई आणि खिडकीत उभा असलेला सुतार, एवढाच पुरावा. मला खोटारडा म्हणायचं असेल तर शनिवारी येऊन इनासमोर म्हणा.

राहता राहिलं माझं घर. इस्टेटीचं आहे, कामाशी बांधलेलं आहे, काम तुमच्या हातात आहे, हे तुम्ही दोन परिच्छेदांत लिहिलं. एका वाक्यात कळलं असतं. छप्पर काढून घ्याल हे ठाऊक असूनच हे पत्र लिहितो आहे. आणि आजच सकाळी मी जिन्यावरच्या खिडकीच्या दोन दोऱ्या उतरवल्या, उरलेल्या सहा त्याच दोरीच्या गुंडीतून कापल्या. ती खिडकी आता बंद आहे.

ड्यूगल्ड पेट्री


२७ ऑक्टोबर
हॉटेलवर, हस्ते पोस्टातली डोलिना

मिस्टर जाइल्स,

तुम्ही काल गावात उतरल्याचं कळलं. घरी न येता हॉटेलात उतरलात. इनाने तुमची खोली तापवून ठेवली होती. अजून तापवते आहे. बजावलं तरी ऐकत नाही.

दफनाची व्यवस्था करणाऱ्या टॉशकडून तुम्ही वेगळी कार्डं छापून घेतलीत, त्यात क्रमांक एकवर तुमचं नाव आहे, हेही कळलं. कागद चांगला वापरला आहे. एक कार्ड डोलिनाच्या हाती लागलं, तिने त्यावर वाणसामानाची यादी लिहिली.

आता, तुम्ही गावात पोचलात म्हणून, एक गोष्ट सांगायला मी मोकळा झालो.

जिन्यावरच्या खिडकीच्या खालच्या तावदानाला दोन दोऱ्या असतात, उजवी आणि डावी. एक डोक्याकडे, ती इनाची. दुसरी पायांकडे. क्रमांक दोन. ती कोणाची हे मी मार्चमध्ये विचारलं तेव्हा मिस फीमींनी बाहीने काच पुसून टेकडी बघितली. मग म्हणाल्या, "जाइल्स आला तर जाइल्सची. नाही आला तर रिकामी लोंबू दे, पण दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. आणि तो आल्याशिवाय त्याला सांगू नकोस. दोरीचं आमिष दाखवून मला पुतण्या नकोय."

म्हणून सांगितलं नव्हतं. तुमच्या पत्रांपुढे तोंड मिटून बसणं सोपं नव्हतं, पण बसलो.

उद्या अकरा वाजता घरातून निघू. रीत पायी जाण्याची आहे. पेटी खांद्यावर जाते आणि खांदेकरी वाटेत बदलतात. तुमचा खांदा उजवीकडे, माझ्या पुढे. बूट जाड घाला. ओढ्याशी चिखल आहे.

न येण्याचा हक्क तुम्हाला आहे. पण मधला मार्ग नाही.

ड्यूगल्ड पेट्री


६ नोव्हेंबर

जाइल्स,

'मिस्टर' गाळलं आहे. टेकडीवर जे झालं त्यानंतर ते लिहवत नाही. मान कमी झाला असं समजू नका.

तुमच्या वकिलाची नोटीस आली. दोन आरोप, एक हुकूम. आरोप पहिला, मी मालकाच्या इच्छेविरुद्ध दफन चालवलं. खरं आहे. आरोप दुसरा, जिन्यावरच्या खिडकीच्या दोऱ्या हे इस्टेटीचं सामान मी चोरलं. यावर पुढे बोलतो. हुकूम असा की मेच्या मुदतीला मी घर रिकामं करावं.

वकिलाला त्या दिवशी काय घडलं ते माहीत नसणार. तुम्ही त्याला सगळं सांगितलं नसेल, म्हणून मी लिहून ठेवतो. तुम्हाला पटलं नाही तर खोडा.

तुम्ही पायी आला नाहीत. रानातल्या वाटेने गाडी घालून थेट टेकडीवर आलात. तुमच्या जागी पोस्टमनने खांदा दिला, तो उंचीला कमी पडतो, त्यामुळे ओढ्यापासून वरपर्यंत तुमची आत्या थोडी तिरकी गेली. हे मला अजून बोचतं.

टॉशने तुमचं कार्ड काढून घसा साफ केला. मी म्हटलं, "टॉश, थांब. पेटी माझी, हाक माझी." तो पाद्रीसाहेबांकडे बघायला लागला, पाद्रीसाहेब आकाशाकडे. मी पुकारलं, "क्रमांक एक, इना मॅकफेल."

तुमच्या शेजारचे ते लांब कोटवाले गृहस्थ म्हणाले, "कोण, स्वयंपाकीण?"

डोलिना म्हणाली, "हो. आणि दुपारचं तुमचं जेवण तिच्याच हातचं आहे. जरा जपून."

इना पुढे आली. मिस फीमींचा जुना तपकिरी कोट तिने घातला होता, बाह्या दुमडून. डोक्याशी उभी राहिली. दोरीची दोन टोकं हातात घेतली. कोणी हसलं नाही. सर अमुकांनी तर टोपी काढली.

"क्रमांक दोन, जाइल्स स्ट्रॉनॅक."

तुम्ही हलला नाहीत. मी दुसऱ्यांदा पुकारलं नाही. नाव एकदाच पुकारायचं असतं. मग तीनपासून आठपर्यंत झाली, बायका आपापल्या जागी गेल्या, आणि पायांकडची दोरी वाऱ्यावर फळीला लागून टकटक करत राहिली.

पायांकडची दोरी सुटी असताना पेटी सरळ उतरत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. माझा उजवा हात पुढे गेला होता. तुम्ही ते पाहिलंत, मला ठाऊक आहे. मी तो मागे घेतला आणि खिशात घातला.

तेव्हा इना बोलली. वर न बघता, जशी स्वयंपाकघरातून हाक मारते तशी.

"जाइल्स, ये बघू. आत्याला वाऱ्यात ताटकळत ठेवू नकोस. आणि टोपी काढ."

तुम्ही आलात. टोपी काढलीत. आणि दोरी मनगटाला गुंडाळायला लागलात.

"अरे, गुंडाळू नकोस, तिच्याबरोबर खाली जाशील," डोलिना म्हणाली. "नुसती धर. मूठ घट्ट, कोपर सैल."

पेटी सरळ गेली. पायांची बाजू डोक्याच्या बाजूइतकीच, रेषेत. मी बघत होतो. माझ्याकडे तेवढंच काम होतं, आणि त्या म्हणाल्या होत्या ते खरं निघालं, मी सगळ्यांच्या दोऱ्यांकडे बघत होतो. मग मी "सोडा" म्हणालो.

दोरी कडीतून ओवलेली असते, दोन्ही टोकं हातात. 'सोडा' म्हटलं की दोन्ही टोकं सोडायची, म्हणजे दोरी पेटीबरोबर राहते. सातजणींनी दोन्ही टोकं सोडली. तुम्ही एक सोडलंत आणि एक धरून ठेवलंत. दोरी कडीतून सरसरत बाहेर आली आणि तुमच्या हातात राहिली. रीत ठाऊक नसल्याने झालं की हात उघडलाच नाही, हे मी विचारणार नाही. तुम्ही ती गुंडाळून कोटाच्या खिशात घातलीत आणि गाडीकडे गेलात. टोक बाहेर लोंबत होतं. जेवायला थांबला नाहीत. इनाने सूप संध्याकाळपर्यंत चुलीच्या कडेला ठेवलं होतं, पातीशिवायचं.

आता आरोप दुसरा. जिन्यावरच्या खिडकीच्या खालच्या तावदानाच्या दोन दोऱ्यांपैकी एक तुमच्या आत्याच्या उशाशी आहे. दुसरी लंडनमध्ये तुमच्याकडे आहे. मी चोर असेन तर वकिलाला सांगा, नोटीस दोन प्रतींत काढ आणि एक स्वतःच्या अशिलाला पाठव.

घर विकायला काढलं आहे, हे वर्तमानपत्रात वाचलं. 'आर्डलेरी, ऐतिहासिक वास्तू, उत्तम स्थितीत.' उत्तम स्थितीत नाही. एक खिडकी उघडत नाही. जो कोणी घेईल तो जिना चढेल, टेकडी दिसते म्हणून खिडकीशी थांबेल, तावदान वर ढकलेल, आणि ते हलणार नाही. विचारेल, काय झालं? इना सांगेल. इना नसेल तर मी सांगेन. मी नसेन तर डोलिना पोस्टात सांगेल, तेही मीठमसाला लावून.

माझ्याकडे नव्या दोरीची गुंडी आहे. एका सकाळचं काम. करणार नाही. गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी नाही, वकिलाच्या धाकाने नाही. खालच्या तावदानाला एक बाजू नवी चालेल, दुसरी मला तीच हवी, जी तुम्ही नेलीत. मापाला ती बरोबर बसते, मीच कापली आहे. पोस्टाने पाठवू नका. पार्सल आलं तर डोलिना परत करेल, तिला तसं सांगून ठेवलं आहे. घेऊन या. शिडी मी धरतो, कप्पीवरून तुम्ही ओवा.

नोटीस सोबत परत पाठवतो. संडासातल्या खिळ्याला टांगायला कागद फार जाड आहे, आणि खिळे मी वाया घालवत नाही. मेची मुदत येईल आणि जाईल. मी याच घरात सापडेन. दाराची कडी अडकते. आधी उचला, मग ढकला.

ड्यूगल्ड पेट्री
सुतार, आर्डलेरी